आजोबांच्या गिन्न्या मोडून स्मारक नाणे घ्यावे का?

प्रश्न : मी देवगड तालुक्यात राहतो. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो असून थोडी हापूसची कलमे आहेत. शिवराज्याभिषेकाच्या ३५० वर्षांनिमित्त एका खासगी कंपनीने १० ग्रॅम वजनाचे, २४ कॅरेटचे स्मारक सुवर्णनाणे काढले आहे. अशी ५,००० नाणीच पाडली आहेत, प्रत्येकाला क्रमांक व प्रमाणपत्र आहे, असे कंपनीचा प्रतिनिधी सांगतो. किंमत सोन्याच्या त्या दिवशीच्या भावापेक्षा ३५ टक्के जास्त, जीएसटी वेगळा. पाच वर्षांत पैसे दुप्पट होतील, असे त्याचे म्हणणे आहे. दसऱ्याच्या आत नोंदणीसाठी ५,००० रुपये भरायचे आहेत. घरात माझ्या आजोबांच्या वेळच्या दोन गिन्न्या (ब्रिटिशकालीन सोन्याची नाणी) आहेत. त्या मोडून हे नाणे घ्यावे, असा माझा विचार आहे. पत्नीचा त्याला विरोध आहे. मुलगा मस्कतला नोकरी करतो. गिन्न्या त्याच्याकडे पाठवून तिकडे विकल्या तर चांगली किंमत येईल का? — एक वाचक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील तिन्ही गोष्टींचे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. गिन्न्या मोडू नयेत. स्मारक नाणे गुंतवणूक म्हणून घेऊ नये. महाराजांवरील श्रद्धेपोटी, घरात असावे म्हणून घ्यायचे असेल, तर तो खर्च समजून घ्यावे. आणि गिन्न्या मस्कतला पाठवण्याचा विचार तर पूर्णपणे सोडून द्यावा, कारण तेथे प्रश्न नफ्यातोट्याचा नसून कायद्याचा आहे. आपल्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे, हे या सदरातून छापील स्वरूपात सांगावे लागत आहे, याबद्दल आपण रागावणार नाही अशी आशा आहे.

आता हिशेब पाहू. सोपा जावा म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. प्रत्यक्ष भाव काहीही असला तरी प्रमाण तेच राहते. १० ग्रॅम सोने म्हणजे १,००,००० रुपये. त्यावर कंपनीचे ३५ टक्के चढवले की नाण्याची किंमत १,३५,००० रुपये होते आणि तिच्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ४,०५० रुपये. आपल्या खिशातून एकूण १,३९,०५० रुपये जातील. हेच नाणे दुसऱ्या दिवशी आपण देवगडच्या किंवा कणकवलीच्या सराफाकडे मोडायला नेलेत, तर तो छापाकडे न पाहता कस लावील, वजन करील, थोडी घट धरील आणि सोन्याचे पैसे देईल. घट २ टक्के धरली तर हाती ९८,००० रुपये येतील. म्हणजे एका दिवसात ४१,०५० रुपये गेले. ते भरून निघायला सोन्याचा भाव १०,००० वरून सुमारे १४,१९० रुपयांवर, म्हणजे ४२ टक्क्यांनी चढावा लागेल. सोने दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढत राहिले (ते तसे सरळ रेषेत कधीच वाढत नाही, पण घटकाभर मानू), तर नुसते मुद्दल परत यायला साडेचार वर्षे लागतील. आणि प्रतिनिधी म्हणतो त्याप्रमाणे सराफाच्या दुकानात पैसे दुप्पट होऊन यायचे, तर सोन्याचा भाव पावणेतीन पटींहूनही अधिक झाला पाहिजे. तो तसा झालाच, तर साधे सोने घेणाऱ्याचे पैसे त्याहून कितीतरी अधिक वाढलेले असतील.

तुलनेसाठी त्याच दिवशी घेतलेले १० ग्रॅमचे साधे नाणे पाहा. त्याची घडणावळ ३ टक्के धरली आणि जीएसटी मिळवला, तर ते १,०६,०९० रुपयांना पडते आणि सोने सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास चढले की मुद्दल सुटते. दोन्ही नाण्यांत सोने तेवढेच, चोखपणा तोच. फरक आहे तो केवळ आपण विक्रेत्याला दिलेल्या पैशांचा.

यावर प्रतिनिधी म्हणेल, की हे नाणे मोडायचे नसून जपायचे आहे आणि त्याची दुर्मिळताच त्याला भाव देईल. हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, म्हणून त्याकडे जरा बारकाईने पाहू. नाणी ५,००० आहेत हे खरे मानले, तरी ती घेण्यासाठी पाच वर्षांनी अधिक पैसे देणारे ५,००१ ग्राहक कोठे असणार, हे त्याने सांगितलेले नाही. दुर्मिळतेला भाव मिळतो तो मागणी असेल तेथेच. आपण आंब्याचा व्यवसाय करता. वाशीच्या बाजारात दलाल आंब्याचे पैसे देतो, पेटीवरच्या सुबक छपाईचे देत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. नाण्यांचा संग्राहक बाजार हा मुंबईसारख्या शहरांतील लिलावांचा बाजार आहे. तेथे जुन्या राजवटींची, टांकसाळीच्या चुकांची, कमी काळ चाललेल्या साच्यांची नाणी जाणकार बोली लावून घेतात. अलीकडे एखाद्या खासगी कंपनीने पाडलेल्या तुकड्याला तेथे सहसा धातूच्या भावापलीकडे फारसे कोणी विचारत नाही, आणि लिलावकर्त्याचे कमिशन विकणाऱ्याच्या रकमेतून जाते ते वेगळेच.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. २०११ च्या नाणे कायद्यानुसार आपल्या देशात नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे आणि मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथील सरकारी टांकसाळींत ती पाडली जातात. आपल्याला विकला जात असलेला तुकडा कितीही गोल आणि देखणा असला, तरी कायद्याच्या दृष्टीने ते चलनी नाणे नसून सोन्याचे पदक आहे. त्यात गैर काहीच नाही. पदक विकणे हा गुन्हा नव्हे. मात्र ‘स्मारक नाणे’ म्हणून मागितलेल्या जादा किमतीमागे सरकारी मोहोर नाही, हे लक्षात असू द्यावे.

सरकारी स्मारक नाण्यांची परंपरा आपल्याकडे १९६४ मधील पंडित नेहरूंच्या नाण्यापासून सुरू झाली. त्यांपैकी बरीचशी नाणी चलनात हातोहात फिरली. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा असलेले २ रुपयांचे नाणे निघाले होते. ते आजही जुन्या डब्यांत सापडते. संग्राहकांसाठी काढलेली मोठ्या दर्शनी किमतीची बरीच नाणी सोन्याची नसून ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त अशा मिश्रधातूची असतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त काढलेले १,००० रुपयांचे नाणेही चांदीच्या मिश्रधातूचे, ३५ ग्रॅमचे. आपल्याला संग्रहाची खरोखर आवड असेल, तर सरकारी टांकसाळीकडे नोंदणी करून अशी नाणी घ्यावीत. त्यांतही नफा निश्चित नसतो, पण रक्कम लहान असते आणि नाण्याच्या अस्सलपणाची शंका राहत नाही.

अस्सलपणाचा विषय निघालाच आहे, तर जपानचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीला ६० वर्षे झाल्याबद्दल जपान सरकारने १९८६ मध्ये १,००,००० येन दर्शनी किमतीचे सोन्याचे नाणे काढले. त्यात २० ग्रॅम शुद्ध सोने होते आणि त्या सोन्याची तेव्हाची किंमत दर्शनी किमतीच्या निम्म्याहूनही कमी होती. १९९० मध्ये उघडकीस आले, की परदेशातून आलेली अशी एक लाखाहून अधिक नाणी बनावट आहेत. ती पितळेची किंवा मुलाम्याची नव्हती. त्यांत सोने पूर्ण वजनाचे आणि चोख होते. बनावट करणाऱ्याला खरे सोने वापरूनही भरपूर फायदा उरत होता, कारण नाण्याची किंमत धातूच्या किमतीपेक्षा फार वर नेऊन ठेवलेली होती. ज्या नाण्यात सोन्यापेक्षा छापाचे पैसे अधिक, तेथे कस लावून किंवा कॅरेट मोजण्याच्या यंत्रावर ठेवून अस्सल-नक्कल ओळखता येत नाही. यंत्र सोन्याबद्दल बोलते, साच्याबद्दल नाही.

हेच आपल्याकडे होन या शिवकालीन सोन्याच्या नाण्याबाबत घडते आणि रायगडाच्या परिसरापासून तळकोकणापर्यंत अनेकांना त्याचा मोह पडतो, म्हणून दोन वाक्ये लिहितो. १६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित असलेला होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचा, बोटाच्या नखावर मावेल इतका लहान असतो. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. अस्सल होन अत्यंत थोडे उरले आहेत आणि नकला मात्र उदंड आहेत, सोन्याच्या नकलाही. उद्या आपल्याला कोणी ‘शेतात नांगरताना सापडला’ असे सांगून होन दाखवला, तर तो अस्सल असल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची बाब आहे, आणि नक्कल असल्यास ती केवळ पावणेतीन ग्रॅम सोने आहे. दोन्ही बाजूंनी विकत घेणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

आता गिन्न्यांकडे येतो, कारण आपल्या पत्रातील खरी मौल्यवान वस्तू त्याच आहेत. ब्रिटिश सॉव्हरिन म्हणजेच आपली गिन्नी ७.९८८ ग्रॅम वजनाची, २२ कॅरेटची असते आणि तिच्यात ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने असते. आपल्या दोन गिन्न्यांत मिळून सुमारे १४.६ ग्रॅम शुद्ध सोने आहे, म्हणजे त्या स्मारक नाण्याच्या जवळजवळ दीडपट. ते मोडून १० ग्रॅम सोने घरी आणायचे आणि वर फायदा झाला असे मानायचे, हे आपल्यासारख्या हिशेबी माणसाला शोभणारे नाही. सराफाकडून घ्यायचे ते पैसे घट वजा होऊन येणार, आणि कंपनीला द्यायचे ते ३५ टक्के चढवून.

त्यात कराचा मुद्दाही आहे आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. वारसाने आलेले सोने विकले किंवा दुसऱ्या वस्तूच्या बदल्यात दिले, तरी तो आयकराच्या दृष्टीने हस्तांतर ठरतो. मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ रोजीचा बाजारभाव धरण्याची सोय आहे, पण तेव्हा सोने १० ग्रॅमला साडेचार हजार रुपयांच्याही आत होते. २३ जुलै २०२४ पासून दोन वर्षांहून अधिक काळ बाळगलेल्या सोन्याच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि महागाई निर्देशांकाची, म्हणजे मूळ किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरण्याची सवलत गेली आहे. याचा अर्थ असा, की गिन्न्यांच्या विक्रीच्या रकमेचा बहुतांश भाग करपात्र नफा म्हणून मोजला जाईल. आपले एकूण उत्पन्न कमी असेल तर प्रत्यक्ष कर थोडा किंवा शून्यही येऊ शकतो. त्यासाठी कागद घेऊन कर सल्लागाराकडे जावे.

घरच्या गिन्न्या आपण नीट पाहिल्या आहेत का, हे पत्रावरून कळत नाही. खिडकीपाशी उजेडात, भिंग घेऊन पाहाव्यात. एका बाजूस राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड किंवा पाचवा जॉर्ज यांपैकी कोणाचे तरी मस्तक असेल. दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसून अजगरासारख्या प्राण्याला मारणारा सेंट जॉर्ज आणि त्याखाली साल असेल. व्हिक्टोरियाच्या काही गिन्न्यांवर घोडेस्वाराऐवजी ढाल असते, त्याने गोंधळून जाऊ नये. साल १९१८ असेल, तर सालाच्या अगदी वर, जमिनीच्या रेषेवर इंग्रजी ‘आय’ हे लहानसे अक्षर आहे का ते शोधावे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रॉयल मिंट या ब्रिटनच्या टांकसाळीची एक शाखा मुंबईत थोडा काळ चालली आणि तिने त्या एकाच सालाची सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडली. ते अक्षर त्या शाखेची खूण आहे. त्याच वर्षी मुंबईत १५ रुपयांची सोन्याची मोहोरही पाडली गेली. मुंबईच्या गिन्नीला संग्राहक धातूच्या भावापेक्षा काहीसे अधिक देतात, पण १३ लाख हा आकडा लहान नाही, तेव्हा लाखोंची स्वप्ने पाहू नयेत. इतर सामान्य सालांच्या गिन्न्या साधारणपणे सोन्याच्या भावाच्या आसपासच जातात.

वजनही करून घ्यावे. गिन्नीच्या छापाची नाणी सराफांनी नंतरच्या काळातही पाडलेली आहेत आणि काहींचा कस कमी असतो. वजन ७.९८८ पेक्षा झिजेमुळे किंचित कमी असेल तर काळजी नाही. भरपूर कमी किंवा जास्त असेल तर शंका घ्यावी. चार ग्रॅमच्या जवळपास भरले, तर ती अर्धी गिन्नी आहे. गळ्यात घालण्यासाठी कडी डाखलेली असेल, तर संग्राहकाच्या दृष्टीने तिची किंमत जवळजवळ संपते, सोन्याची अर्थातच राहते. आपल्याकडच्या कित्येक गिन्न्या माळेत गेल्या आणि व्हेनिसची डुकाट नाणी तर त्यांच्याही आधी पुतळ्यांच्या माळेत ओवली गेली. आपल्या पणज्यांनी त्या नाण्यांवरच्या सेंट मार्कला देव समजून गळ्यात घातले. छापाचे जादा पैसे मात्र त्यांनी कोणाला दिल्याचे दिसत नाही.

एक विनंती फार महत्त्वाची आहे. गिन्न्या दाखवायला नेण्यापूर्वी रिठ्याच्या पाण्यात, चिंचेने किंवा आमसुलाने घासून लख्ख करू नयेत. गणपतीच्या आधी चांदीची भांडी घासताना गिन्न्याही त्याच घंगाळात टाकण्याची आपल्याकडे सवय असते. जुन्या नाण्यावरचा मंद तांबूस रंग हाच त्याच्या वयाचा पुरावा असतो आणि घासलेले नाणे जाणकार लगेच ओळखतो. २२ कॅरेटमध्ये तांबे असल्याने खाऱ्या, दमट हवेत लालसर ठिपके पडू शकतात, पण त्याने सोन्याचे काही बिघडत नाही. प्रत्येक गिन्नी सुती कापडात वेगळी गुंडाळून बंद डबीत ठेवणे पुरे आहे.

मस्कतविषयी. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुने नाणे पुरावशेषांत मोडते आणि खासगी व्यक्तीने ते देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. आपल्या गिन्न्या पाचव्या जॉर्जच्या सुरुवातीच्या किंवा त्याआधीच्या असतील, तर त्या या मर्यादेत येतात. मुलाने सुट्टीवरून परतताना त्या सामानात ठेवल्या आणि विमानतळावर सापडल्या, तर त्याच्या नोकरीवरही संकट येईल. दोन गिन्न्यांच्या किमतीसाठी हा धोका पत्करू नये.

सोन्यात नव्याने पैसे गुंतवायचेच असतील, तर साधा मार्ग घ्यावा. दागिना नको असेल तर ९९९ कसाचे, कमीत कमी घडणावळीचे नाणे किंवा वेढणी घ्यावी. बिलावर वजन, कस आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. काही दुकानांत ‘तोळा’ म्हणजे १० ग्रॅम आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात ११.६६ ग्रॅम, म्हणून बिल ग्रॅममध्येच असावे. बँकेचे नाणे शुद्ध असते, पण बँक ते विकते, परत विकत घेत नाही, आणि किंमतही सहसा सराफापेक्षा चढी असते. २०१५ मध्ये सरकारने अशोकचक्राचा छाप असलेले ‘भारतीय सुवर्णनाणे’ आणले, ते एमएमटीसी या सरकारी कंपनीमार्फत विकायला आणले होते. पुढेमागे सोनेतारण कर्जाची गरज लागेल असे वाटत असेल, तर नाण्यांवरील कर्जाला रिझर्व्ह बँकेने एका कर्जदारामागे ५० ग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. दागिन्यांना ती लागू नाही. हाताळण्याची हौस नसेल, तर डिमॅट खात्यात गोल्ड ईटीएफ, म्हणजे सोन्याच्या भावाबरोबर चढउतार होणारा, शेअर बाजारात मिळणारा फंड घ्यावा. सोन्याच्या भावाशी जोडलेल्या सरकारी रोख्यांवर, म्हणजे सार्वभौम सुवर्णरोख्यांवर, अडीच टक्के व्याज मिळत असे, परंतु फेब्रुवारी २०२४ नंतर त्यांची नवी मालिका आलेली नाही. जुने रोखे शेअर बाजारातच मिळतात.

आंब्याचे पीक एखाद्या वर्षी दगा देते आणि २०२१ च्या मे महिन्यातील तौक्तेसारखे वादळ कलमेच उपटून टाकते, हे आपण पाहिले आहे. अशा वर्षी कामाला येते ते सोने, जे तालुक्याच्या गावात एका सकाळी रोख होऊ शकते. आपल्या गिन्न्यांत तो गुण आहे. त्या स्मारक नाण्यात तो केवळ सोन्यापुरता आहे, आणि उरलेले ३५ टक्के त्या दिवशी कोणी देणार नाही.

नोंदणीच्या ५,००० रुपयांबाबत शेवटचे सांगतो. अद्याप भरले नसतील तर भरू नयेत. भरले असतील, तर प्रतिनिधीच्या फोनवर अवलंबून न राहता कंपनीला पत्र किंवा ईमेल पाठवून नोंदणी रद्द करण्याची आणि रक्कम परत करण्याची मागणी करावी, आणि पावतीची व जाहिरातीची प्रत जपून ठेवावी. ‘पाच वर्षांत दुप्पट’ हे त्याने लेखी दिले आहे का, हेही त्याच पत्रात विचारावे. उत्तर बहुधा येणार नाही, पण आपला प्रश्न नोंदीवर राहील. वाजवी मुदतीत रक्कम परत आली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. प्रतिनिधीने तोपर्यंत पुन्हा फोन करून दसऱ्याची मुदत दिवाळीपर्यंत वाढवल्याचे सांगितले, तर ५,००० पैकी किती नाणी अजून पडून आहेत, एवढे त्याला विचारून पाहावे.